एकट्या मुलांच्या काउंटरची पायरी

मी एक जुनी लाकडी पायरी आहे. जिना नाही हं, नुसती पायरी. माझ्या वरही कोणी नाही आणि खालीही कोणी नाही. सध्या विमानतळावरच्या कर्मचाऱ्यांच्या खोलीत माझ्यावर पाण्याचा भला मोठा जार ठेवलेला आहे, आणि येणारा-जाणारा गटागटा पाणी पिऊन रिकामा ग्लास माझ्याच डोक्यावर आपटतो. याबद्दल माझी तक्रार आहे, पण ती मी रोजच करते, आज राहू दे. आज, मित्रांनो, मला तुम्हाला माझी गोष्ट सांगायची आहे, आणि खरं सांगायचं तर माझ्यापेक्षा जास्त एका उंच मुलीची.

माझा जन्म कारखान्यात झाला नाही. विमानतळाच्या मागे दुरुस्तीची शेड आहे, तिथे एक सुतारकाका होते. तोंडात सदा दोन-चार खिळे धरलेले, त्यामुळे बोलणं कमी. एकदा कसल्याशा यंत्राचे सुटे भाग घेऊन एक दणकट खोकं आलं. भाग गेले यंत्रात, आणि खोक्याच्या फळ्यांची झाले मी. माझ्या पोटाच्या आतल्या बाजूला अजूनही 'सांभाळून उचला' असं छापलेलं आहे. ते कोणी वाचत नाही. उचलतात ते धाडकन आपटण्यासाठीच.

मला घडवून घेतलं ते एका बाईंनी. सगळी मुलं त्यांना मावशी म्हणायची, मग हळूहळू त्यांचे वरिष्ठसुद्धा मावशीच म्हणायला लागले. एकट्याने विमानप्रवास करणाऱ्या मुलांचा काउंटर त्यांच्याकडे होता. आणि तो काउंटर बांधणाऱ्या शहाण्याने काय केलं होतं, तर तो मोठ्या माणसाच्या छातीइतका उंच बांधला होता! मुलांसाठीचा काउंटर, आणि मुलांना त्यावरून काही दिसू नये. मावशींना पलीकडून दिसायचे ते फक्त भांग. कधी मधला भांग, कधी बाजूचा, कधी नुसताच झिंज्यांचा गोळा.

मावशींनी साहेबांकडे अर्ज-विनंत्या केल्या. साहेब म्हणाले, "बघू." हे 'बघू' फार वाईट असतं, मित्रांनो, त्यात कोणी काही बघत नाही. शेवटी मावशी जेवणाच्या सुट्टीत थेट शेडमध्ये गेल्या.

"काका, मला एक पायरी करून द्या."

सुतारकाकांनी तोंडातले खिळे काढून हातावर घेतले. "किती उंच?"

"मूल उभं राहिलं की त्याचे डोळे माझ्या डोळ्यांसमोर यावेत, इतकी."

काकांनी मावशींना नीट उभं केलं, नजरेनेच माप घेतलं आणि खिळे परत तोंडात घातले. झालं, ठरलं.

तेव्हापासून मी त्या काउंटरपाशी उभी राहिले. तिथले नियम मला तोंडपाठ झाले, कारण मावशी ते दिवसभर कोणाला ना कोणाला समजावत असायच्या. आमच्या कंपनीचे नियम असे होते. पाच वर्षांच्या आतल्या मुलाला एकटं न्यायचंच नाही, आईबाप कितीही गळ घालोत. पाच ते बाराच्या मुलाला न्यायचं, पण कंपनीच्या माणसाच्या स्वाधीन करूनच. तो माणूस मुलाला तपासणीतून नेणार, सगळ्यांच्या आधी विमानात बसवणार, सगळ्यांच्या शेवटी उतरवणार आणि पलीकडे ज्याचं नाव दिलंय त्याचं ओळखपत्र बघून त्याच्याच हाती देणार. बारा ते अठराच्या मुलांसाठीही ही सोय होती, पण घरच्यांनी मागितली तर. आणि सोडायला आलेल्या माणसाने विमान उडेपर्यंत विमानतळाबाहेर पाऊल टाकायचं नाही. दुसऱ्या कंपन्यांचे आकडे वेगळे असतात, तेव्हा मी म्हणाले म्हणून भांडायला जाऊ नका. निघायच्या आधी घरातल्या मोठ्यांना नीट विचारायला सांगा.

हे झाले कंपनीचे नियम. मावशींचा स्वतःचा एक जास्तीचा नियम होता, तो कुठेच लिहिलेला नव्हता. मूल माझ्यावर चढलं की त्या त्यालाच विचारायच्या : नाव काय तुझं? कुठे निघालास? तिकडे घ्यायला कोण येणार? मागून बाबा उत्तर द्यायला लागले की मावशी बोट वर करायच्या. "तुम्ही नाही. प्रवासी सांगेल." आपलं शेंबडं पोर एकदम प्रवासी झालेलं बघून बाबांच्या तोंडाचा आ व्हायचा. आणि ते पोर माझ्यावर असं काही ताठ उभं राहायचं, की मलाच दोन इंच उंच झाल्यासारखं वाटायचं.

उत्तरं काय एकेक यायची! एका चिमुरडीने सांगितलं, "मला घ्यायला आजोबांचा कुत्रा येणार आहे, आणि आजोबा त्याच्याबरोबर येतील." जुळ्या भावांनी माझ्यावर आधी कोणी चढायचं यावरून अशी हाणामारी केली की माझी एक फळी निखळली. पण एकदा एका मुलाने कागदावरचं नाव ऐकलं आणि तो म्हणाला, "हे कोण?" त्याच्या वडिलांनी ऑफिसातल्या कोणा मित्राचं नाव दिलं होतं. माणूस सज्जनच असणार, पण मुलाने त्याला जन्मात पाहिलं नव्हतं. मावशींनी वडिलांना बाजूला घेतलं आणि मुलाच्या आत्याचं नाव येईपर्यंत काही पुढे सरकू दिलं नाही. "ओळखपत्र आम्ही बघतोच," त्या म्हणाल्या, "पण माणूस मुलाने ओळखला पाहिजे."

मला चांगले दिवसही आले. एकदा मोठे साहेब पाहणीला आले, मला बघून "वा, काय छान कल्पना!" म्हणाले आणि माझ्याशेजारी उभं राहून फोटो काढून घेतला. फोटोत ते पूर्ण आले, माझा एकच कोपरा आला. चालायचंच. पुढे सुरक्षा विभागाचे एक गृहस्थ आले आणि मला अडखळून कोणी पडेल म्हणाले. मावशींनी माझ्या कडेला पिवळी पट्टी ओढली आणि त्यांना विचारलं, "आता दिसते का?" पट्टी त्यांच्या नाकाखालीच होती, मान डोलावून गेले बिचारे.

तर असं सगळं सुरळीत चाललं होतं. आणि सुरळीत चालतं तिथेच माणसं विचार करायचं सोडतात, हे मी त्या काउंटरपाशी शिकले. झालं काय, की माझं नाव सगळ्यांच्या तोंडी बसलं. गेटवरून वॉकी-टॉकीवर आवाज यायचा, "दोन पायरीवाले पाठवताय ना?" विमानातल्या ताई विचारायच्या, "आज पायरीवाली किती?" पायरीवालं म्हणजे लहान मूल. सोपं, सुटसुटीत. मला तर काय, गुदगुल्याच व्हायच्या. पण त्याचा उलटा अर्थही लोकांच्या डोक्यात हळूच जाऊन बसला होता, की ज्याला पायरी लागत नाही तो मोठा. असं कोणी कधी म्हणालं नव्हतं, पण वागत सगळे तसंच होते.

आणि मग एका दुपारी ती मुलगी आली.

आधीच सांगून टाकते, नाहीतर तुम्ही मला मध्येच अडवाल. त्या मुलीची आई मालवाहू जहाजावर इंजिनिअर होती. जहाजाची भलीमोठी यंत्रं चालती ठेवायची, हे तिचं काम. कित्येक महिने मायलेकींची गाठ नव्हती. त्या दिवशी तिचं जहाज दुसऱ्या एका शहराच्या बंदराला लागणार होतं आणि पहाटे परत निघणार होतं, ते थेट पुढच्या वर्षापर्यंत. मधली एक रात्र आईला मोकळीक मिळाली होती. तेवढ्या एका रात्रीसाठी मुलगी विमानाने निघाली होती. विमान चुकलं असतं तर आई न भेटताच निघून गेली असती.

हे सगळं मला नंतर कळलं. आल्या-आल्या दिसली ती नुसती एक उंच, सडपातळ मुलगी. घट्ट वेणी, पाठीला बॅग, हातात तिकीट आणि ओळखपत्र तयार. आमच्या मावशींपेक्षा चांगली चार बोटं उंच. ती माझ्याकडे आलीच नाही. शेजारच्या साध्या काउंटरपाशी गेली, तिथे एक तरुण मुलगा बसायचा. त्याचा टाय कायम एका बाजूला झुकलेला, म्हणून त्याला सगळे टायसाहेब म्हणायचे. पोरगा मनाने चांगला होता, पण हाताला फार घाई.

त्या दिवशी घाई असायला कारणही होतं. मोठ्या विमानात बिघाड झाला म्हणून त्याच्या जागी लहान विमान आलं होतं, आणि सगळ्यांना बसवून एक माणूस जास्त उरत होता. अशा वेळी आधी सगळ्या प्रवाशांना विचारायचं असतं, की कोणी आपण होऊन थांबायला तयार आहे का. टायसाहेबांनी ते विचारणं टाळलं. यंत्राने एक नाव काढून दिलं : सगळ्यात शेवटी आलेला, एकटा, मोठा. ते नाव त्या मुलीचं होतं.

"मॅडम, माफ करा हं," टायसाहेब म्हणाले.

मुलीने मागे वळून बघितलं. मॅडम कोण, ते बघायला.

"तुम्हालाच म्हणतोय. आज विमानात जागा नाही. उद्या सकाळच्या विमानाने पाठवतो. हॉटेल कंपनीचं, जेवण कंपनीचं, शिवाय नुकसानभरपाई मिळेल. बाहेर आमची गाडी उभी आहे, ती हॉटेलवर सोडेल."

"उद्या सकाळी?" तिने विचारलं.

"हो, एकदम आरामात जाल."

तिचा चेहरा उतरला. ओठ हलले, पण त्यातून आलं काय, तर, "ठीक आहे."

अगं, ठीक काय आहे! मी ओरडले असते हो, पण पायरीला तोंड कुठे असतं? ती मुलगी दोन पावलं सरकून माझ्याजवळ येऊन उभी राहिली. हाताने बॅगेचा पट्टा एकसारखा पिळत होती. घरून निघताना बाबांना तिने शब्द दिला होता, की मी मोठ्यासारखी वागेन, रडारड करणार नाही. मोठी माणसं अशा वेळी काय म्हणतात? ठीक आहे म्हणतात. म्हणून ती म्हणाली.

मग ती परत काउंटरपाशी गेली आणि हळू आवाजात टायसाहेबांना विचारलं, "हॉटेलमध्ये दार आतून लावायचं असतं ना?"

"हो," टायसाहेब यंत्राकडे बघतच म्हणाले.

"आणि रात्री कोणी वाजवलं तर? उघडायचं का?"

शेजारच्या काउंटरवर मावशी कुठल्याशा कागदावर शिक्का मारत होत्या. त्यांचा हात वरच्या वर थांबला. त्यांनी मान वळवून त्या मुलीकडे बघितलं, पहिल्यांदा नीट, पायापासून डोक्यापर्यंत.

"बाळ," त्या म्हणाल्या, "वय काय तुझं?"

"बारा." आणि मग घाईघाईने, "पूर्ण."

टायसाहेबांचा हात आता कुठे यंत्रावरून उचलला गेला. त्यांनी ओळखपत्र हातात घेऊन जन्मतारीख वाचली. आधी फक्त फोटो आणि नाव बघितलं होतं. चेहरा असा पडला की बघवेना.

"पण मावशी, तिकिटावर प्रौढ लिहिलंय. हे बघा ना."

"अरे, बारा पूर्ण झाली की भाडं मोठ्याचं लागतं, म्हणून तिकीट प्रौढाचं. मुलगी तिकिटाला मोठी झाली, माणसाला नाही. अठराच्या आतलं एकटं मूल आपण विमानातून मागे ठेवत नाही. ठाऊक आहे ना तुला?"

"ठाऊक आहे हो! पण मला ती मूल वाटलीच नाही." आणि मग तो अगदी खरं ते बोलून गेला. "ती पायरीवाली नव्हती ना."

 मावशींनी माझ्याकडे बघितलं. मित्रांनो, लाकडाला लाज वाटते की नाही, याबद्दल वाद होऊ शकेल. मला वाटली. आम्ही दोघींनी मिळून मुलांना मोठ्यांच्या उंचीला आणून ठेवलं होतं, आणि जे मूल आधीच तेवढं उंच होतं त्याच्याकडे कोणी मूल म्हणून बघेना.

मावशी काउंटरला वळसा घालून बाहेर आल्या. मुलीला म्हणाल्या, "बस."

मुलगी खुर्ची शोधायला लागली.

"इथे बस. पायरीवर."

ती माझ्यावर बसली. तिचे गुडघे हनुवटीपर्यंत आले. तोवर माझ्यावर कोणी बसलंच नव्हतं, सगळे उभे राहायचे. मावशी तिच्यासमोर फरशीवर उकिडव्या बसल्या, चांगल्या साडेपाच फुटांच्या गणवेशातल्या बाई, आणि मान वर करून तिच्याकडे बघत त्यांनी आपले नेहमीचे प्रश्न विचारले. नाव सांगितलं तिने. शहराचं नाव सांगितलं.

"तिकडे घ्यायला कोण येणार?"

"आई," ती म्हणाली, आणि एवढ्या एका शब्दावर तिचा धीर सुटला. हुंदके देत-देत जहाज, बंदर, पहाट, पुढचं वर्ष, सगळं तिने सांगून टाकलं. डोळ्यांतून टपटप पाणी माझ्या फळीवर पडत होतं. मावशींनी तिचे दोन्ही हात धरून ठेवले आणि तिला रडू दिलं. टायसाहेबांच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"बाबा कुठेत गं?"

"परत गेले. ते शाळेची बस चालवतात. शाळा सुटायची वेळ झाली होती." तिने नाक पुसलं. "फोन बंद असेल त्यांचा. बस चालवताना ते बंदच ठेवतात. दुसऱ्यांची मुलं असतात ना गाडीत."

मावशींनी तोंडात आलेलं काहीतरी गिळून टाकलं. बाबांना थांबायला कोणी सांगितलंच नव्हतं. एकटं मूल म्हणून नोंदवता येतं, हेही कोणी सांगितलं नव्हतं.

"ऊठ रे!" त्या टायसाहेबांवर खेकसल्या. "गेटवर विचार. जे आधी विचारायचं होतंस ते आता विचार."

टायसाहेबांनी वॉकी-टॉकी तोंडाशी धरला. पलीकडे गेटवरच्या ताईंनी प्रवाशांना विचारलं, ते आम्हाला इकडे खरखरत ऐकू येत होतं. कोणी थांबेल का? उद्या सकाळचं विमान, हॉटेल, जेवण, भरपाई. उत्तर आलं, "कोणी तयार नाही. दार लावायची वेळ होत आली."

"कोणासाठी हवंय ते सांगितलंस का?" मावशींनी विचारलं. "आईला भेटायला निघालेली बारा वर्षांची मुलगी आहे, असं सांगायला लाव."

परत खरखर.  मुलगी माझ्यावर इतकी घट्ट बसली होती की तिच्या छातीतली धडधड माझ्या फळ्यांना कळत होती. आणि मग वॉकी-टॉकीतून गेटवरच्या ताईंचं हसू आलं. "एक गृहस्थ थांबतायत. म्हणतात, सासुरवाडीला चाललोय, जितका उशिरा पोचेन तितकं बरं. फक्त बायकोला तुम्ही कळवा, माझी छाती नाही."

मावशी हसल्या, टायसाहेब हसले, रडता-रडता मुलगीही हसली. माझाही जीव भांड्यात पडला.

पुढचं सगळं धावपळीत झालं. मावशींनी मुलीला एकट्या मुलांत नोंदवलं आणि तिच्या आईला फोन लावला. पलीकडे यंत्रांचा एवढा घरघराट होता की आईला ओरडून बोलावं लागत होतं. मावशींनी तिला बजावलं, "तुम्ही स्वतः या, ओळखपत्र घेऊन. दुसऱ्या कोणाला पाठवू नका." मग फोन मुलीच्या कानाला लावला. आईने काय विचारलं असेल? "जेवलीस का?" म्हणून विचारलं.

कंपनीच्या एक ताई मुलीला न्यायला धावत आल्या. निघता-निघता ती मागे वळली. "मी रडले ते बाबांना सांगू नका हं."

"छे! माझ्या तोंडून शब्द निघणार नाही," मावशी म्हणाल्या.

विमान उडालं. मावशींची पाळी संपली, पण आमच्या काउंटरची एक रीत होती, मूल ज्याचं त्याच्या हाती पडल्याचा फोन आल्याशिवाय घरी जायचं नाही. मावशी पिशवी मांडीवर घेऊन माझ्यावर बसल्या. टायसाहेबांचीही पाळी संपली होती. ते चहाचे दोन कप घेऊन आले, एक मावशींना दिला आणि भिंतीला टेकून उभे राहिले. मधे, मावशींनी ठेवलेला निरोप बघून बाबांचा फोन आला. ते धापा टाकत होते. "मी येऊ का?" म्हणाले.

"आता यायचं नाही हो, तेव्हा जायचं नव्हतं," मावशी म्हणाल्या, आणि मग आवाज मऊ करून, "पोरगी विमानात आहे. फार शहाणी आहे तुमची." दिलेला शब्द मात्र त्यांनी पाळला. रडण्याचं नाव काढलं नाही.

संध्याकाळी पलीकडच्या विमानतळावरून फोन वाजला. तिकडच्या काउंटरवरचे गृहस्थ होते. त्यांचा आवाज एवढा मोठा की मला शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"मुलगी उतरली. पण आई नाही आली. जहाजाच्या ऑफिसातून गाडी घेऊन एक माणूस आलाय. म्हणतो, आई इंजिनाच्या कामात अडकल्यात, मी मुलीला बंदरावर नेतो. ऑफिसचं पत्र आहे त्याच्याकडे. देऊ का?"

"मुलगी ओळखते त्याला?"

"नाही."

"मग नाही द्यायची."

"अहो, पण बंदर लांब आहे. मुलगीच म्हणतेय, मला जाऊ द्या, नाहीतर आई निघून जाईल. रडून गोंधळ घातलाय तिने."

मावशींनी डोळे मिटले. मला माहीत आहे, त्यांना काय वाटत होतं ते. मुलीने रडून मागितलेली एकच गोष्ट त्यांना नाकारायची होती, आणि ती नाकारल्यामुळे भेटच हुकली असती तर ती मुलगी त्यांना जन्मभर माफ करणार नव्हती.

"तिला सांगा, मी नाही म्हणाले," मावशी म्हणाल्या. "राग माझ्यावर काढ म्हणावं. त्या माणसाला परत पाठवा, त्याच गाडीत आईला घालून आणायला सांगा. तोवर तुम्ही तिच्याजवळून हलायचं नाही. तिला काहीतरी खायला द्या."

फोन बंद झाला. टायसाहेबांनी विचारलं, "मावशी, नाही आली आई तर?"

 चहा तसाच गार होऊन गेला. काउंटरपुढची गर्दी ओसरली, सामानाचा पट्टा थांबला, झाडूवाले येऊन आमच्याभोवतीने झाडून गेले. मावशी माझ्यावरून उठल्या नाहीत.

मग फोन वाजला.

"आली हो आई! धावतच आली. अंगात तो कामाचा निळा पोशाख, कोपरापर्यंत तेल. ओळखपत्र बघितलं. सही घेतली, सहीच्या कागदाला काळे डाग पडले."

"मुलीने ओळखलं?" मावशींनी विचारलं. सवयच ती.

 "अहो, ओळखलं काय विचारता! रडणं आवरून मघापासून इथे ताठ उभी होती. आई दिसली आणि म्हणाली, 'मला उचल.' आणि ती बाई उचलतेय तिला. एवढी उंच मुलगी, पाय सगळे जमिनीला घासतायत, पण खाली ठेवत नाहीये."

मावशींनी फोन ठेवला आणि पदर नव्हता म्हणून गणवेशाच्या बाहीला डोळे पुसले. टायसाहेब भिंतीकडे तोंड करून टाय सरळ करत राहिले. तो काही सरळ झाला नाही.

दुसऱ्या दिवसापासून मावशींनी 'पायरीवालं' हा शब्द आमच्या काउंटरवर बंद करून टाकला. कोणी चुकून बोललं की त्या डोळे वटारायच्या. एकटं कोणीही आलं, कितीही उंच असलं, मिसरूड फुटलेलं असलं, तरी टायसाहेब आधी जन्मतारीख बघायचे आणि मग विचारायचे, सोडायला कोण आलंय, त्यांना जाऊ देऊ नका.

पुढे कधीतरी तो काउंटरच बुटका बांधला, आणि मी या खोलीत पाण्याच्या जाराखाली आले. तर मित्रांनो, माझं मागणं फार नाही. मूल किती उंच आहे यावरून ते किती मोठं आहे हे ठरवू नका, हे तुमच्या घरातल्या मोठ्यांना माझ्या वतीने सांगा. आणि तुमच्यातच कोणी भराभर उंच झालेलं असेल, तर त्याला मला वेगळं सांगायचंय. एकट्याने प्रवासाला निघालात आणि कोणी तुम्हाला मॅडम किंवा सर म्हणालं, तर मागे वळून बघू नका आणि समजूतदारपणे गप्पही बसू नका. जे काय वय असेल ते मोठ्याने सांगा. म्हणा, मी बारा वर्षांची आहे, मी एकटी आहे, आणि मला आज आईकडे जायचंय.